प्रोफेसरला मेल टाकायच्या आधी: ॲडमिशन कोण देतं आणि पैसे कोण देतं

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की मला एक ठरलेला मेसेज येतो. "ताई, ६० प्रोफेसरांना मेल टाकले, दोघांनीच उत्तर दिलं, आणि दोघंही म्हणतायत ॲप्लाय कर. म्हणजे माझं होणार ना?" आता याला काय सांगायचं, कारण खरं उत्तर आहे की माहीत नाही, आणि बहुतेक त्या दोघांनाही माहीत नाही. हे ऐकून पोरं हिरमुसतात, पण त्यांची तरी काय चूक. बाहेरून बघणाऱ्याला ही सगळी भानगड एकच दिसते, फॉर्म भरा, मार्क टाका, पत्रं मागवा, मेल करा, आणि मग कुठेतरी कुणीतरी हो किंवा नाही म्हणतं. तो ‘कुणीतरी’ नेमका कोण हे मात्र कोणी सांगत नाही.

त्यात २०२५ च्या सुरुवातीपासून अमेरिकेतल्या बातम्यांनी अजून गोंधळ घातला. रिसर्चच्या सरकारी पैशाला कात्री लागायला लागली, आणि मार्च २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या यूमास चॅन मेडिकल स्कूलनं बायोमेडिकल पीएचडीच्या मुलांना दिलेल्या ऑफर मागे घेतल्या. ऑफर देऊन मागे! मुलं हुशार होती, निवडलेली होती, तरी गेली, कारण पैशाचं गणित बदललं. ही बातमी वाचून बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की पीएचडीची ॲडमिशन म्हणजे नुसती परीक्षा पास होणं नाही, त्यामागे कुणाचा तरी खिसा असतो. मेल कुणाला करायचा, काय लिहायचं, कधी करायचा, या सगळ्याची उत्तरं त्या खिशापाशीच सापडतात, म्हणून मी सुरुवात तिथून करते.

आधी चार शब्द उरकून घेऊ

मराठीत ग्रॅज्युएट म्हणजे पदवीधर, पण ग्रॅज्युएट स्कूल म्हणजे पदवीनंतरचं शिक्षण, म्हणजे मास्टर्स आणि पीएचडी. मास्टर्स दोन तऱ्हेचं, एक नुसते विषय घेऊन परीक्षा देण्याचं, ज्याला बहुतेक वेळा स्वतः फी भरावी लागते, आणि दुसरं थिसिसवालं, ज्यात एका गाइडखाली रिसर्च करायचा असतो. फंडिंग म्हणजे फी माफ आणि वर महिन्याला हातात पैसे, त्या पैशाला म्हणायचं स्टायपेंड. ग्रँट म्हणजे ठरावीक कामासाठी ठरावीक मुदतीचे मिळालेले पैसे, आणि ती ज्याच्या नावावर असते, जो लॅब चालवतो, तो पीआय. बास, एवढ्यावर पुढचं सगळं भागतं.

हो म्हणतं कोण?

समजा तुम्हाला राहायला खोली हवीय. एक प्रकार म्हणजे थेट घरमालकाशी बोलायचं, त्याला तुम्ही पटलात तर खोली तुमची. दुसरा प्रकार म्हणजे हॉस्टेल, तिथे अर्ज ऑफिसात जातो, कमिटी बसते, यादी लागते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाशी तुमची कितीही दोस्ती असली तरी तो तुम्हाला खोली देऊ शकत नाही. आता जो हॉस्टेलच्या मुलाला साठ मेल पाठवतोय आणि जो घरमालकाला एकही मेल न करता नुसता फॉर्म भरून बसलाय, दोघंही सारखेच फसलेत.

ग्रॅज्युएट स्कूलमध्ये हे दोन्ही प्रकार आहेत आणि मधले पण आहेत. अमेरिकेत गणित घ्या, तिथे जवळपास सगळीकडे कमिटीच ठरवते, प्रोफेसरला आधी मेल केला काय नि नाही केला काय, फरक पडत नाही. बायोलॉजीच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तर गंमतच, ॲडमिशन आधी होते आणि गाइड नंतर ठरतो. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे काम करून बघायचं, त्याला रोटेशन म्हणतात, आणि मग ज्यांचं जमेल त्यांनी एकमेकांना निवडायचं. इंजिनिअरिंगच्या खूप डिपार्टमेंट्समध्ये उलटं, कमिटी असते पण ती चाळणी लावते, आणि शेवटी ‘या मुलाचा पगार मी देतो’ असं म्हणणारा एक प्रोफेसर लागतो. कॉम्प्युटर सायन्स कुठेतरी मध्ये, विद्यापीठागणिक वेगळं.

अमेरिकेबाहेर घरमालक पद्धत जास्त. जर्मनीत पीएचडी ही बऱ्याचदा चक्क नोकरी असते, जाहिरात निघते, करार होतो, सरकारी वेतनश्रेणीत पगार मिळतो (टीव्ही-एल ई१३ हे अक्षरं-आकड्यांचं कोडं जाहिरातीत दिसलं तर घाबरू नका, ती वेतनश्रेणी आहे, आणि पुढे ६५ टक्के वगैरे लिहिलं असेल तर तेवढा पगार), आणि गाइडला तिथे डॉक्टरफाटर म्हणतात, म्हणजे डॉक्टर-बाप. नुसत्या शब्दावरून समजा तिथे कोणाचा शब्द चालतो. कॅनडात अनेक डिपार्टमेंट्सचा नियमच असतो की कोणी गाइड व्हायला तयार नसेल तर ऑफर नाही. ब्रिटनमध्ये, खास करून सोशल सायन्स आणि साहित्य-इतिहासवाल्यांनी, आधी गाइड शोधून त्याच्याशी रिसर्च प्रपोजलवर बोलून मग अर्ज करायचा असतो. जपान सरकारच्या मेक्स्ट स्कॉलरशिपमध्ये दूतावासाकडून अर्ज केला असेल तर तिथली पहिली चाळणी पार झाल्यावर विद्यापीठाचं तात्पुरतं संमतीपत्र उमेदवारानं स्वतः मिळवायचं असतं, तिथे प्रोफेसरशी बोलल्याशिवाय गाडी हलतच नाही.

मग माझ्या डिपार्टमेंटमध्ये कुठली पद्धत हे कळणार कसं? डिपार्टमेंटच्या पानावर नेहमीच्या प्रश्नांचा एक भाग असतो, तो कोणी वाचत नाही. तिथे बहुतेक वेळा सरळ लिहिलेलं असतं, ‘अर्जाआधी प्राध्यापकांशी संपर्क साधण्याची गरज नाही’ किंवा ‘संपर्क साधलाच पाहिजे’. आणि काही प्रोफेसर आपल्या पानावर एक सूचना टाकून ठेवतात, विद्यार्थी घेतोय की नाही, मेलच्या विषयात अमुक शब्द टाका वगैरे. तो शब्द म्हणजे मेल करणाऱ्यानं पान वाचलं की नाही याची परीक्षा असते, आणि तिथेच बरेच जण नापास होतात.

पैसे येतात कुठून?

पीएचडीच्या मुलाला पैसे देणारे खिसे मोटामोटी तीन. एक, टीचिंग असिस्टंट, टीए, म्हणजे डिपार्टमेंट पैसे देतं आणि बदल्यात तुम्ही खालच्या वर्गांच्या वह्या तपासता, प्रॅक्टिकल घेता. दोन, रिसर्च असिस्टंट, आरए, म्हणजे प्रोफेसरच्या ग्रँटमधून पैसे. तीन, फेलोशिप, म्हणजे पैसे तुमच्या नावावर, तुम्ही न्याल तिथे किंवा त्या विद्यापीठात तरी तुमच्याबरोबर येणारे.

यातला दुसरा खिसा नीट बघा. अमेरिकेत पीएचडीला साधारण पाच-सहा वर्षं लागतात, आणि ग्रँट असते तीन वर्षांची, चार वर्षांची, फार तर पाच. म्हणजे प्रोफेसर जेव्हा तुम्हाला घेतो तेव्हा तो अशा पैशाचा वायदा करत असतो जे अजून त्याच्याकडे आलेलेच नाहीत. म्हणून ‘या वर्षी विद्यार्थी घेत नाही’ हे उत्तर आलं की त्यात तुमची लायकी कुठेच नसते, ती बेरीज-वजाबाकी असते. उद्या त्याची ग्रँट मंजूर झाली की तोच माणूस कुणीतरी मिळेल का म्हणून शोधत फिरेल.

आणि ही बेरीज-वजाबाकी तुम्हाला घरबसल्या बघता येते, फुकट. अमेरिकेची एनएसएफ ही रिसर्चला पैसे देणारी सरकारी संस्था कुणाला किती पैसे दिले ते ‘एनएसएफ अवॉर्ड सर्च’वर टाकते. बायोमेडिकलवाल्यांसाठी एनआयएच या सरकारी संस्थेचं ‘एनआयएच रिपोर्टर’. जर्मनीत रिसर्चला पैसे देणाऱ्या डीएफजीचं ‘गेप्रिस’, युरोपियन युनियनचं ‘कॉर्डिस’, ब्रिटनचं ‘गेटवे टू रिसर्च’. प्रोफेसरचं नाव टाका, ग्रँटचं नाव, रक्कम, सुरू कधी आणि संपणार कधी, आणि कशासाठी दिली त्याचा एक परिच्छेद, बहुतेक सगळं समोर येतं. तो परिच्छेद सोन्यासारखा असतो. छापलेला पेपर म्हणजे या लॅबनं दोन-तीन वर्षांपूर्वी काय केलं ते, आणि ग्रँटचा परिच्छेद म्हणजे पुढची तीन वर्षं काय करणार ते. विद्यार्थी हवा असतो तो पुढच्या कामाला! पण सगळे मेल येतात मागच्या कामाबद्दल.

ग्रँट पुढच्या वर्षी संपत असेल आणि दुसरी दिसत नसेल तर सावध राहा, मेल करू नका असं नाही, पण फंडिंगबद्दल विचारा. ग्रँट गेल्या सहा महिन्यांत सुरू झाली असेल तर तो मेल आधी लिहा. एनएसएफची करिअर नावाची ग्रँट नव्या प्रोफेसरांना पाच वर्षांसाठी मिळते, ती दिसली तर माणूस लॅब उभी करतोय असं समजा. नवीन प्रोफेसरला विद्यापीठानं सुरुवातीचे पैसे पण दिलेले असतात, त्याला माणसं हवी असतात आणि तो मेल स्वतः वाचतो. धोका एवढाच की अमेरिकेत त्याची नोकरी पक्की होणार की नाही हे साधारण सहाव्या वर्षी ठरतं, नाही झाली तर तो जातो आणि तुम्ही अधांतरी. मी तरीही म्हणेन, नव्यांना यादीत जास्त जागा द्या.

मेल: फोनवर जेवढा दिसतो तेवढाच

मी पीएचडी करत असताना एकदा माझ्या गाइडबरोबर लिफ्टची वाट बघत उभी होते. बाई फोनवर मेल बघत होत्या. अंगठा वर, अंगठा वर, डिलीट, डिलीट. लिफ्ट खाली येईपर्यंत त्यांनी अकरा मेल उडवले, एकही उघडला नाही. मी विचारलं, काय होतं त्यात? म्हणाल्या, "माहीत नाही, सगळ्यांची पहिली ओळ सारखीच होती." स्क्रीनवर विषय आणि पहिल्या दीड ओळी दिसतात, आणि त्या दीड ओळींत लोक काय लिहितात तर ‘आदरणीय महोदया, आपण कुशल असाल अशी आशा करतो. माझं नाव अमुक, मी तमुक कॉलेजातून...’ नमनालाच घडाभर तेल. तुम्ही पुढे काहीही भारी लिहिलं असेल, तिथपर्यंत कोणी पोचतच नाही.

माझा स्वतःचा घोळ याहून भारी आहे, सांगते. मी एका प्रोफेसरला त्यांचा पेपर वाचून, खरंच वाचून, दोन परिच्छेद लिहिले, अगदी आकृती क्रमांक तीनबद्दल शंका वगैरे. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर: नाव माझंच आहे, पेपर माझा नाही. त्याच नावाचा, त्याच विषयातला, दुसऱ्या खंडातला दुसरा माणूस निघाला, सर्चमध्ये दोघांचे पेपर एकत्र दिसत होते आणि मी बघितलंच नाही. तेव्हापासून मी पेपरांची यादी त्या माणसाच्या स्वतःच्या लॅबच्या पानावरूनच घेते, किंवा ऑर्किडवरून, जो रिसर्च करणाऱ्याचा एक स्वतंत्र नंबर असतो.

बरं, मग चांगला मेल कसा? इंग्रजीतच जाणार तो, इथे मराठीत दाखवते. विषयाच्या ओळीत: ‘पुढच्या फॉलची पीएचडी, गढूळ पाण्याच्या खोलीबद्दल’ (फॉल म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणारं सत्र). आणि आत:

‘प्रोफेसर अमुक, सॅटेलाइट फोटोवरून पाण्याची खोली काढायच्या तुमच्या पेपरमध्ये गढूळ पाण्याचे दिवस वगळलेत. माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी एका तलावावर नेमके तेच दिवस मोजले, ४० दिवस, बोटीतून वजन बांधलेली दोरी सोडून, आणि सॅटेलाइटचा अंदाज बहुतेक वेळा खऱ्या खोलीपेक्षा कमी आला. तुमच्या नवीन ग्रँटमध्ये नद्यांवर काम आहे असं वाचलं, तिथे हाच प्रश्न येईल असं वाटतं. मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तुमच्या डिपार्टमेंटला अर्ज करणार आहे. पुढच्या फॉलसाठी तुम्ही नवीन विद्यार्थी घेणार आहात का? सीव्ही आणि प्रोजेक्टचा दोन पानी सारांश जोडलाय.’

संपला. यात ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड’ नाही, ‘आपलं काम फारच प्रेरणादायी’ नाही. एक निरीक्षण आहे, एक केलेली गोष्ट आहे, आणि शेवटी असा एक प्रश्न आहे ज्याला चालता चालता एका शब्दात उत्तर देता येतं. ‘मला तुमच्या लॅबमध्ये जागा मिळेल का’ या प्रश्नाला प्रोफेसर उत्तर देऊ शकत नाही, कारण कमिटी आहे, फॉर्म यायचाय, ग्रँट अडकलीय. ‘विद्यार्थी घेणार आहात का’ याला देऊ शकतो. आणि ती दोरी बघा, मला विचाराल तर अख्ख्या मेलमधली सगळ्यात कामाची वस्तू ती दोरी आहे, कारण त्यावरून कळतं की हा पोरगा खरंच बोटीत बसलाय.

वेळेचं म्हणाल तर अमेरिकेच्या बऱ्याच पीएचडी प्रोग्रॅम्सची शेवटची तारीख १ डिसेंबर ते १५ डिसेंबरच्या आसपास असते, काहींची जानेवारीत, म्हणून मेल ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत. नोव्हेंबरअखेर केलेला मेल म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव घालण्यासारखं. जर्मनीत जाहिरात निघेल तेव्हा. उत्तर नाही आलं तर दहा-पंधरा दिवसांनी त्याच मेलवर एक छोटी आठवण, एकदाच. एका डिपार्टमेंटमधल्या सहा जणांना एकाच दिवशी तोच मेल टाकू नका, ते शेजारी शेजारी बसतात आणि बोलतात.

उत्तर आलं, पण त्याचा अर्थ काय?

‘तुमची आवड बघून आनंद झाला, जरूर अर्ज करा.’ हे सौजन्य आहे. वाईट नाही, पण यावर नाचू नका. हाच तो साठातला दोनवाला प्रकार.

‘मी या वर्षी एक-दोन विद्यार्थी शोधतोय, अर्जात माझं नाव लिहा.’ हे खरं काहीतरी आहे. फॉर्ममध्ये ‘कोणाबरोबर काम करायला आवडेल’ अशी जागा असते, तिथे लिहिलेल्या नावाच्या माणसाकडे तो अर्ज बऱ्याच ठिकाणी पोचतो.

‘गुरुवारी पंधरा मिनिटं बोलू या का?’ हे झालं तर तयारी करा, कारण हा अर्धा इंटरव्ह्यूच समजायचा. स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं सांगता आलं पाहिजे, आणि ‘यात काय चुकलं’ असं विचारलं तर उत्तर तयार हवं. चुकलं काहीच नाही असं कोणी म्हटलं की समोरचा मनातल्या मनात फुली मारतो.

‘माझ्याकडे जागा नाही, पण माझी सहकारी अमुक बघ.’ याला लोक नकार समजतात! अहो, हे फार मोठं काम झालं. त्या सहकारीला लगेच मेल टाका आणि पहिल्याच ओळीत सांगा की त्यांचं नाव तुम्हाला कोणी सुचवलं.

"पण ताई, उत्तरच येत नाही. म्हणजे मी टाकाऊ आहे का?"

नाही. आणि यात एक कडू भाग आहे तो पण सांगून टाकते. अमेरिकेत मिल्कमन, अकिनोला आणि चुघ या तिघींनी एक प्रयोग केला, २०१५ मध्ये छापून आला. २५९ विद्यापीठांतल्या साडेसहा हजारांहून जास्त प्रोफेसरांना मेल पाठवले, सगळ्यांत मजकूर तोच, ‘मला पीएचडी करायचीय, थोडा वेळ भेटाल का’, फक्त पाठवणाऱ्याचं नाव बदललेलं. काही नावं गोऱ्या पुरुषांची वाटणारी, काही बायकांची, काही काळ्या, हिस्पॅनिक, चिनी आणि भारतीय लोकांची वाटणारी. गोऱ्या पुरुषांच्या नावांना उत्तरं जास्त आली, बाकीच्यांना कमी. शब्द न् शब्द तोच असूनही!

याचा अर्थ मेल करून उपयोग नाही असा नाही, उत्तरं सगळ्यांना आली होतीच. अर्थ एवढाच की तुमच्या मेलवरच्या शांततेतला काही भाग तुमच्या हातात नव्हताच, आणि उत्तर न आलेल्या ठिकाणी सुद्धा अर्ज करायला हरकत नाही, विशेषतः जिथे कमिटी ठरवते. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांच्या मेलला उत्तर आलं नाही आणि फेब्रुवारीत त्याच प्रोफेसरनं इंटरव्ह्यूला बोलावलं, त्याला तो मेल आठवत सुद्धा नव्हता.

"माझे मार्क कमी आहेत, पेपरही नाही"

मार्क हे दाराशी उभ्या पहारेकऱ्यासारखे, आत सोडायचं की नाही एवढंच बघतात, आत गेल्यावर कोणी त्यांना विचारत नाही. एखाद्या सत्रात घसरण असेल तर कारण दोन ओळींत सांगा, रडगाणं नको. पदवीच्या वयात छापलेला पेपर नसणं अगदी नॉर्मल आहे. पैसे भरून छापणाऱ्या भुक्कड जर्नलमधला पेपर असण्यापेक्षा नसलेला बरा, समितीतल्या लोकांना ती नावं पाठ असतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा तर अनेक डिपार्टमेंट्सनी काढूनच टाकलीय, आधी बघा लागते का. सप्टेंबर २०२३ पासून ती दोन तासांच्या आत आटपते आणि स्कोर पाच वर्षं चालतो. टोफेल-आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचा मात्र दोनच वर्षं, त्यामुळे फार आधी देऊन ठेवू नका. अर्जाची फी अमेरिकेत एकेका ठिकाणी साधारण ७५ ते १२५ डॉलर, दहा अर्ज म्हणजे चांगलाच खड्डा. फी माफी काही विद्यापीठं मागितली तर देतात, मागायला लाजू नका.

मेलपेक्षा पत्रं भारी

हे वाक्य मला मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. लोक महिनाभर मेल घोटत बसतात आणि शिफारसपत्रं शेवटच्या आठवड्यात मागतात. बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात, आणि ‘हा विद्यार्थी नियमित वर्गात येत असे व त्याची वागणूक चांगली होती’ असं पत्र आलं की ते पत्र नसल्यात जमा. वाचणाऱ्याला हवं असतं की याच्याबरोबर काम केलेल्या माणसानं याला अडचणीत बघितलंय का, आणि तेव्हा यानं काय केलं. म्हणून मोठ्या पदावरच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसापेक्षा, ज्यांच्या हाताखाली तुम्ही खरंच राबलात त्या ज्युनियर मॅडमचं पत्र चांगलं. मागताना असं विचारा, "सर, तुम्ही माझ्यासाठी चांगलं, ठाम पत्र देऊ शकाल का?" आणि उत्तर द्यायला ते जरा घुटमळले तर आभार मानून दुसरीकडे जा. दोन महिने आधी विचारा, सोबत सीव्ही, प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि तारखांची यादी द्या. अमेरिकन फॉर्ममध्ये ‘पत्र बघण्याचा हक्क सोडता का’ असा चौकोन येतो, तो विद्यार्थ्याला स्वतःची कागदपत्रं बघायचा हक्क देणाऱ्या १९७४ च्या फेर्पा कायद्यामुळे, तिथे बहुतेक सगळे ‘सोडतो’ म्हणतात, कारण विद्यार्थी वाचणार आहे हे माहीत असलं की पत्रावर विश्वास कमी बसतो.

आणि ज्यांचे गुरुजी म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो’, त्यांचं काय? अवघड जागेचं दुखणं आहे. तिन्ही पत्रांची भाषा एकाच हातची निघाली तर वाचणाऱ्याला कळतं. मी तरी पत्राऐवजी कामाची यादी देते, कधी काय केलं, कुठे अडलं, आणि सांगते, सर यातलं तुम्हाला आठवतं तेवढंच लिहा.

एसओपीबद्दल, म्हणजे ‘मला काय करायचंय आणि का’ या एक-दोन पानांबद्दल, थोडक्यात सांगते. ड्रू आणि कॅरन ॲपलबी यांनी सायकॉलॉजीच्या ८८ ॲडमिशन कमिट्यांच्या प्रमुखांना विचारलं होतं की अर्ज मरतो कशामुळे, २००६ मध्ये ते छापून आलं. उत्तरांमध्ये होतं: गरजेपेक्षा जास्त वैयक्तिक कहाण्या, घातक शिफारसपत्रं, प्रोग्रॅमची माहिती नसणं, कच्चं लेखन, आणि भाव खाण्याचे फसलेले प्रयत्न. इतकी वर्षं झाली, यातलं एकही शिळं झालेलं नाही.

"एआयकडून लिहून घेतलं तर?"

व्याकरण तपासून घ्या, काही हरकत नाही. पण अख्खा मेल त्याच्याकडून लिहून घेतलात तर तो चांगला होईल आणि बाकीच्या चाळीस मेलसारखाच होईल, लिफ्टपाशी उडवल्या जाणाऱ्या. दोरी त्याला माहीत नाही. तो फार तर एखादी दोरी बनवून देईल, आणि मग गुरुवारच्या कॉलवर तुम्हाला विचारतील, दोरी किती मीटरची होती?

मास्टर्सवाल्यांनी मेल करावा का?

नुसत्या विषयांचं मास्टर्स असेल तर नको, तिथे ऑफिस ठरवतं, प्रोफेसरला त्रास. थिसिसवालं असेल, खास करून कॅनडात, तर वरचं सगळं लागू.

ऑफर आल्यावर

अमेरिकेत जानेवारी-फेब्रुवारीत इंटरव्ह्यू, फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑफर. काही ठिकाणी घाई करतात, तीन दिवसांत सांगा म्हणून. तिथे कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेचा १५ एप्रिलचा ठराव कामाला येतो, त्यावर सह्या केलेल्या विद्यापीठांनी फंडिंगसह दिलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती तुमच्यावर नसते. यादी त्यांच्या साइटवर आहे, आपलं विद्यापीठ आहे का बघा आणि नम्रपणे आठवण करून द्या. ऑफरच्या पत्रात किती वर्षांचं फंडिंग लिहिलंय ते शोधा, तोंडी सांगितलेलं धरू नका. उन्हाळ्याचे तीन महिने धरलेत का, हेल्थ इन्शुरन्स आहे का, गाइडची ग्रँट गेली तर डिपार्टमेंट टीए देईल का, हे तीन प्रश्न मेलवर विचारा म्हणजे उत्तरही लेखी येतं. २०२५ नंतर हे विचारण्यात कोणाला काही वाटत नाही, उलट समोरचे तयारच असतात.

आणि हो म्हणण्याआधी त्या लॅबमधल्या मुलांशी बोला, गाइड नसताना. लॅबच्या पानावर जुन्या विद्यार्थ्यांची यादी असते, त्यातला एखादा दोन वर्षांनी गायब झालेला दिसला तर त्याला शोधून मेसेज करा. ‘गाइड कसे आहेत’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. विचारा, शेवटची सुट्टी कधी घेतली होती? पेपरचा ड्राफ्ट दिला की किती दिवसांनी परत येतो? माझ्या वेळी एकानं चॅटवर लिहिलं, "हे इथे नको, रात्री कॉल करतो." तो कॉल पंचेचाळीस मिनिटं चालला, आणि मी दुसरी ऑफर घेतली.